सॅलडच्या बियाण्यांची तीन पाकिटे: दोन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या पूर्वीपासून आहेत; सॅलडचा पाला मात्र गेल्याच्या मागल्या हिवाळ्यात प्रथम लावला. त्यासाठी शहरातल्या एका बियाण्यांच्या दुकानातून लेट्यूस, रॉकेट आणि पाक चोय (कोबीच्या जातीची एक चिनी पालेभाजी) अशी तीन पाकिटे आणली. तिन्हींचा पाला उत्तम आला, त्यामुळे तेव्हाच चांगले लिहिता आले असते. परंतु प्रत्येकाची काही झाडे फुलावर येऊ द्यावीत, त्यांचे बी धरावे आणि ते पुढच्या नोव्हेंबरात पेरून मगच मत द्यावे, असे मी ठरवले. घरचे बी धरणाऱ्याला पाकिटाची खरी किंमत दुसऱ्या वर्षीच कळते.

लेट्यूसचे पाकीट सर्वांत सरस ठरले. फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन तापू लागताच झाडाच्या मधोमध दांडा वर आला, पाने कडू झाली आणि मोडलेल्या देठातून पांढरा चीक येऊ लागला. मार्चमध्ये दांडा कमरेइतका उंच होऊन त्यावर बारीक पिवळी फुले आली. ही फुले सकाळी काही तासच उमलतात आणि एकदा मिटली की पुन्हा उघडत नाहीत. परागीभवन फुलातल्या फुलातच होत असल्यामुळे एकट्या झाडालाही बी भरते आणि शेजारी दुसरे वाण असले तरी सहसा भेसळ होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मिटलेल्या फुलांच्या टोकांशी रुईच्या म्हातारीसारखा, पण अगदी इवलासा पांढरा कापूस दिसू लागला. सगळे बी एकदम पिकत नाही. म्हणून रोज सकाळी दांडा कागदी पिशवीत वाकवून हलकेच झटकावा लागे. ते दिवस मला फार आवडले. बी इतके हलके असते की सुपात पाखडण्याऐवजी ताटलीत घेऊन जपून फुंकर घालावी लागते. ओल्या फडक्यात मोजून 20 बिया ठेवल्या, त्यांतल्या 18 उगवल्या, आणि झाडे पहिल्या वर्षीसारखीच तांबूस कडांची आली. मात्र सप्टेंबरच्या उकाड्यात पेरलेले बी जवळजवळ उगवलेच नाही. तेच भिजवून, फडक्यात गुंडाळून दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवल्यावर उगवले. पेरताना बी खोल गाडू नये, त्याला उजेड लागतो.

रॉकेट म्हणजे मोहरीच्या कुळातला तिखट पाला. आपल्याकडे तेलासाठी पिकणारा तारामिरा तो हाच. त्याची फिकट पिवळसर फुले आणि त्यांवरच्या तपकिरी-जांभळ्या शिरा जवळून पाहण्याजोग्या असतात. पहिल्या वर्षी मी एकच झाड राखले आणि शेंगा जवळपास पोकळच निघाल्या, कारण या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचा आणावा लागतो. दोष पाकिटाचा नव्हता. उरलेल्या बियाण्यातून दुसऱ्या हिवाळ्यात सहा झाडे एकत्र वाढवली, तेव्हा शेंगा भरल्या. त्या पिवळ्या पडताच फांद्या कापून उलट्या टांगाव्यात, उशीर केल्यास बी कुंडीतच सांडते.

तक्रार आहे ती पाक चोयच्या पाकिटाबद्दल. त्याच्या घरच्या बियांतून काही झाडे बुटकी, काही लांब देठांची, तर काही फार लवकर फुलावर येणारी अशी निघाली. पाकीट पुन्हा पाहिले, तेव्हा मागच्या बाजूला उगवणशक्ती आणि वैधतेच्या तारखेखाली, भिंगाने वाचावे इतक्या बारीक अक्षरांत ‘संकरित’ असे छापलेले सापडले. संकरित बियाणे विकण्यात गैर काही नाही आणि पहिल्या पिकाला ते जोमदारच असते. परंतु त्याचे बी पुढे तसेच येत नाही, ही गोष्ट ग्राहकाला पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच कळली पाहिजे. दुकानातल्या भाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी वाद न घालता ‘सरळ’ वाणाची, म्हणजे ज्याचे बी पुढेही तसेच येते अशा वाणाची, पाकिटे वेगळी काढून दाखवली. मुद्दाम विचारल्याशिवाय मात्र ते स्वतःहून काही सांगत नाहीत. त्यामुळे तेथे जाणाऱ्याने बियाणे संकरित आहे की सरळ, हे आधी विचारावे आणि उगवणशक्तीच्या चाचणीची तारीख स्वतः वाचून घ्यावी. लेट्यूस व रॉकेटची पाकिटे मी निःशंकपणे सुचवीन. पाक चोयचे ते पाकीट ज्याला केवळ एका हिवाळ्याचा पाला हवा आहे, त्यानेच घ्यावे.