लेडीज माउंटन बाईक घ्यावी का साधीच लहान साइजची? चार सायकली बदलून बदलून चालवल्यावर

दिवाळीत गावी गेलो होतो, फुलंब्रीकडं आमचं गाव, तर थोरल्या दिरांची पोरगी पहिल्याच दिवशी मागं लागली, काकू मला गियरची माउंटन बाईक घ्यायचीय, लेडीज घेऊ का जेन्ट्स ते सांग. लातूरला इंजिनिअरिंगला आहे ती, आणि पार्टटाइम क्लास घेऊन पैसे साठवलेत म्हणून प्रश्न खरा होता, उगाच टाइमपास नव्हता. योगायोग असा की वाड्याच्या भिंतीला तेव्हा चार सायकली टेकवलेल्या होत्या. पोरीची दहावीतली पडक्या दांडीची लेडीज, २६ इंची चाकं. माझी पाच वर्षांपूर्वी घेतलेली मिडियम, २९ इंची, जी मी वैतागून गावी आणून टाकली होती. माझी आत्ताची स्मॉल, साडेसत्तावीस इंची. आणि धाकट्या जाऊची, खास बायकांसाठी म्हणून विकतात त्यातली, ती पण साडेसत्तावीसच. म्हटलं सांगत कशाला बसू, चल तीन दिवस बदलून बदलून चालवू.

आधी त्या मिडियमची कथा सांगते कारण माझं सगळं ज्ञान तिच्यातूनच आलंय. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानदार म्हणाला ताई स्मॉल स्टॉकमध्ये नाही, पण काही प्रॉब्लेम नाही, सीट खाली केली की बसतंय. आणि मी शाळेचा ड्रेस वाढत्या मापाचा घेतात तशी सायकल वाढत्या मापाची घेऊन आले, जशी काही चाळिशीत माझी उंची वाढणार होती. सीट खाली केली, पाय टेकले, मला वाटलं झालं. महिन्याभरात मान आखडायला लागली, तळहाताला मुंग्या यायच्या, आणि उतारावर ब्रेक दाबायचा तर बोटं पूर्ण ताणावी लागायची. सीट खाली केल्यानं पाय पोचतात, पण हात कुठं पोचतात? हँडल होतं तिथंच राहतं ना.

तर मापाचं असं बघा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधून वर दाबायचं, सीटवर बसल्यासारखं, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. माझं ७२ सेंटिमीटर भरलं, पोरीचं ८०. ती पाच फूट सात इंच आहे, आमच्या घरात सगळ्यात उंच. त्या मिडियमची दांडी जमिनीपासून ७६ वर. म्हणजे घाईत उतरायची वेळ आली तर मी थेट दांडीवरच, कुठं लागतं ते सांगायला नको. तीच दांडी पोरीच्या खाली चार सेंटिमीटर मोकळी राहते. कच्च्या रस्त्यावर चालवायची असेल तर निदान पाच तरी मोकळी असावी असं म्हणतात, पण चारमध्ये तिचं भागत होतं. माझ्या आत्ताच्या स्मॉलची दांडी ६७ वर आहे.

ह्याच आकड्याला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची निघते, बीबीच्या (पायडलचा आस फ्रेममध्ये जिथं फिरतो ती जागा) मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत. माझी येते ६३.६, पोरीची ७०.६. सुरुवातीला हे जास्तच उंच वाटतं, कारण आपल्याला सगळ्यांना दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून बसायची सवय, पण गुडघे वाचवायचे असतील तर पायडल खाली असताना पाय जवळपास सरळ, गुडघ्याला किंचित बाक, इतकाच. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं, बसल्या बसल्या टेकायचं नाही. जाऊला हे पटायला अख्खा एक दिवस गेला.

पण उंचीपेक्षा महत्त्वाचं लांबीचं माप. बीबीतून सरळ वर एक रेघ गेली असं समजा, तिथून हँडल ज्या नळीत बसतं तिच्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर, त्याला रीच म्हणतात, कंपनीच्या साइटवर प्रत्येक साइजचा तक्ता असतो त्यात हा आकडा मिळतो. १७ इंच १८ इंच हे जे फ्रेमवर लिहिलेलं असतं ते फक्त सीटच्या नळीची लांबी, त्यावर जाऊ नका, दोन कंपन्यांचं १६ इंच दोन वेगळ्या लांबीचं निघतं. रीच जास्त झाला तर सीट पुढं सरकवायचा मोह होतो, मी पण सरकवली होती, मग गुडघे दुखायला लागले. स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तो पुढचा तुकडा, बदलून मात्र फरक पडतो, ९० मिलिमीटरच्या जागी ५० चा टाकला की हँडल चार सेंटिमीटर जवळ येतं. मी ते पण केलं. तरी दांडी काय खाली येत नाही.

आता लेडीज हे काय प्रकरण आहे. पूर्वी कंपन्यांचा हिशोब होता की बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, म्हणून फ्रेम आखूड करा. पुढं फिटिंगची मापं बक्कळ गोळा झाल्यावर स्पेशलाइज्डसारख्या कंपनीनं सांगून टाकलं की बाई आणि बाप्या यांच्यात जितका फरक दिसतो त्यापेक्षा जास्त दोन बायकांमध्येच असतो, आणि वेगळ्या फ्रेम बंद केल्या. जायंट कंपनीची लिव्ह मात्र २००८ पासून बायकांसाठी स्वतःची फ्रेम बनवते, तैवानच्या बॉनी तू यांनी सुरू केलेली. सांता क्रूझ कंपनीच्या ज्युलिआनानं मधलाच मार्ग काढला, फ्रेम तीच, शॉकचं सेटिंग हलक्या वजनाचं आणि सीट, ग्रिप वेगळे. हे नाव ज्युली फुर्टाडोवरून, १९९० मध्ये माउंटन बाईकची पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली त्यात बायकांचं क्रॉस कंट्री जिंकणारी तीच. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचंच एकमत नाही, मग आपण स्टिकर बघून कशाला ठरवायचं. आमच्याच वाड्यात बघा, जाऊची लेडीज स्मॉल मला झक्कास बसली आणि पोरीला त्यात गुडघे हँडलला लागायला लागले. ती पण लेडीजच आहे की.

पडक्या दांडीच्या त्या २६ इंचीबद्दल एकदम वाईट बोलणार नाही. सलवारवर चढता-उतरता येतं, चेनला गार्ड असतो म्हणून ओढणी अडकत नाही, आणि ट्यूब कुठल्याही गावात मिळते. क्लास, भाजी, डांबरी रस्ता, इतकंच असेल तर गपचूप हीच घ्या. पण वरचा नळा खाली आला की फ्रेमला ताठपणा आणायला जाड नळ्या लागतात, वजन वाढतं, आणि बाटली लावायला जागा राहात नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, बाटली नाही म्हणजे काय खेळ आहे का.

दुसऱ्या दिवशी पाणंद रस्त्यानं शेतात गेलो, पोरगी तिच्या लेडीजवर, जाऊ तिच्या, मी स्मॉलवर. परतीचा पाऊस आठवड्यापूर्वीच पडलेला, वरून वाळल्यासारखं दिसत होतं पण आत काळी माती ओलीच. कापसाच्या वावराला वळसा घालतो तिथं पोरीची सायकल जाग्यावर थांबली. चाक फिरेचना. चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, आणि टायरच्या मधी मातीचा असा लगदा बसला होता की पऱ्हाटीच्या काडीनं उकरून काढावा लागला, आणि साधे रबराचे ब्रेक त्यातच, म्हणून रिमला चिकटून अजून माती गोळा. डिस्कवाल्या दोन्ही सायकली कण्हत कुथत निघाल्या. तेव्हा शेतात जाणार असाल तर डिस्क ब्रेक घ्याच, आणि टायर बसल्यावर चिमट्यात दोन्ही बाजूंनी बोट जाईल इतकी जागा बघा. फार रुंद टायर भारी दिसतो पण काळ्या मातीत जागाच खातो, मला २.१ इंच पुरेसा वाटतो.

डिस्कमध्ये वायरवाला का ऑइलवाला हा प्रश्न बायकांच्या बाबतीत हातावर येतो. ऑइलवाला म्हणजे हायड्रॉलिक एका बोटानं दबतो, लहान हाताला लई फरक पडतो, पण ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, करणारा मेकॅनिक शहरातच मिळतो. वायरवाला गावातला कुणीही आवळून देतो. दोन्हीत बहुतेक लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतं. हे मला मिडियम चालवत असताना कुणी सांगितलं असतं तर.

सस्पेन्शनवर थोडं जास्त बोलते कारण इथं बायकांची सरळ फसवणूक होते, मुद्दाम कुणी करतं असं नाही पण होते. स्वस्त सायकलच्या पुढच्या चिमट्यात स्टीलची स्प्रिंग असते आणि ती सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाच्या अंदाजानं बसवलेली असते. मी ५२ किलोची. चिमट्याच्या नळीला केसांचं बारीक रबर बांधून ढेकळांवरून गेले, परत आल्यावर बघितलं तर १० सेंटिमीटरपैकी जेमतेम तीन वापरलेले. म्हणजे वजन वाहायचं पूर्ण आणि गचका पण पूर्ण खायचा. जाऊच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी हवा असते, पंपानं प्रेशर कमी-जास्त करता येतं, सीटवर नुसतं बसल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर दबलं की सेटिंग बरोबर. तीच ढेकळं, तीच मी, मनगटाला काहीच नाही. तिच्या सायकलची जास्तीची किंमत मला एवढ्या एका गोष्टीसाठी पटली, लेडीज नावासाठी नाही. हवेवालं बजेटमध्ये बसत नसेल तर माझं मत आहे की साधा ताठ चिमटा घ्या, टायरमध्ये हवा जरा कमी ठेवा, पन्नास किलोच्या बाईला कच्च्यावर तीस पीएसआय बास झालं. आणि पंधरा हजारात पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन देणारी सायकल दिसली तर लांबूनच नमस्कार करा, चढावर अर्धी ताकद त्या स्प्रिंगा दाबण्यातच जाते.

चढ म्हटलं की गियर. माझी रविवारची राइड शहरातून दौलताबाद, मग घाटातल्या त्या जुन्या दरवाज्यातून वर खुलताबाद, आणि दम उरला तर म्हैसमाळ. गियर २१ का २४ ह्या आकड्याला काही अर्थ नाही, सगळ्यात हलका कोणता ते विचारा. मिडियमला पुढं सगळ्यात लहान चकती २४ दात्यांची आणि मागं सगळ्यात मोठी २८ ची, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास दोन मीटर पुढं, म्हणजे घाटात उभं राहून दाबायचं नाहीतर उतरून ढकलायचं. आत्ताची पुढं २२ मागं ३४, फेऱ्याला साधारण १.४ मीटर. हळू जाते पण बसून जाते. जाऊची पुढं एकच चकती ३२ ची आणि मागं ४६ पर्यंत, म्हणजे दीड मीटर, जवळपास माझ्याइतकंच आणि पुढचा गियर बदलायची कटकट नाही. मागं २८ च्या वर काही नसेल तर घाटाची स्वप्नं बघू नका.

चाकाचं विचाराल तर २९ खड्ड्यावरून सहज जातं हे खरं, पण लहान फ्रेममध्ये हँडल उंच जातं आणि आखूड वळणावर बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. ट्रेकसारख्या कंपन्या म्हणूनच लहान साइजला साडेसत्तावीस देतात. तोटा एकच, साडेसत्तावीसची ट्यूब गावात मिळत नाही, एक जवळ ठेवायची. वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडच घ्या, बारीक प्रेस्टा असेल तर गावातला पंक्चरवाला नुसता बघत बसतो.

सीटबद्दल लाजायचं काही कारण नाही. बसायची दोन हाडं असतात, पुठ्ठ्यावर बसून उठलं की दोन खळगे दिसतात, त्यांच्यातलं अंतर मोजा आणि त्यापेक्षा जरा रुंद सीट घ्या, मधी खाच असलेली. गादीसारखी मऊ सीट दुकानात बरी वाटते आणि तासाभरात नको त्या जागी रुतते. सीट, ग्रिप, स्टेम हे सगळं नंतर दोन-चार हजारात बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही.

तर तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, काकू ती कोपऱ्यातली का नाही काढत? मी म्हटलं ती नको गं, तिनं माझी मान मोडलीय. तरी तिनं हवा भरली, सीट ७०.६ वर नेली, मी बसवलेला आखूड स्टेम काढून जुना लांबच परत लावला आणि वस्तीवरून चक्कर मारून आली. पाठ मोकळी, कोपर किंचित वाकलेले, पायडलला पाय बरोबर. ज्या सायकलीला मी शिव्या घालत होते ती तिच्यासाठीच बनवल्यासारखी, आणि ती लेडीज नाही बरं का.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ओसरीवर बसून टायरमधले सराटे चिमटीनं काढले, पुढच्यात सात, मागच्यात अकरा. ट्यूबमध्ये सीलंट भरायचं ठरलं, मागं ३४ दात्यांचं फ्रीव्हील आणि एक रुंद सीट घ्यायची ठरली. साठवलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त उरतायत म्हणून आता हेल्मेट कोणतं घेऊ विचारायलीय.