लाथेच्या सरावासाठी लॅटेक्सचा लूप बँड

मावाशी गेरीत, म्हणजे कराटेतल्या बाजूने फिरवून मारायच्या लाथेत, खुब्याची ताकद वाढवायला हा बँड खरंच उपयोगी आहे. संचातला मधल्या जाडीचा घ्या. सर्वात कडक घातला की शिको-दाचीत (पाय फाकवून गुडघे बाहेर ठेवायची खालची बैठक) गुडघे आत कोसळतात. गुडघ्याच्या वर चढवा, घोट्यात नको, तिथे गुडघ्यावर ताण येतो. गुडघा बाजूने कमरेइतका उचलून ३ सेकंद धरा, प्रत्येक पायाने ८ वेळा. टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलीच पाहिजे, नाहीतर खुबा अडतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र हा माल टिकत नाही. टिनाच्या शेडमध्ये टांगून ठेवला की रबर चिकट होतं, बारीक भेगा पडतात आणि ताणताना तुटतो. घाम धुऊन सावलीत वाळवा, टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवा. गावातल्या वर्गासाठी कापडी बँडच बरा, तो गुंडाळतही नाही.