आधी गेम बघा, मग सिनेमा : येळ्ळूरच्या माडीवरचा आमचा प्रोजेक्टर

गेम आणि सिनेमा दोन्हीला एकच प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर तो गेमसाठी निवडा. सिनेमाला लागणारं बाकीचं सगळं मागाहून जमवता येतं. अंधार जाड पडद्यांनी करता येतो, आवाज बाहेरच्या स्पीकरनं, ओटीटी एका स्टिकनं. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र हलेपर्यंत जो उशीर लागतो, तो मात्र यंत्राच्या पोटात असतो. नंतर कितीही पैसे घातले तरी तो कमी होत नाही. हा विचार करून मी बेनक्यू कंपनीचा टीएच६८५पी घेतला आणि बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या घरात माडीवर लावला. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिन्ही त्याच्यावर बघून झाले, म्हणून आता लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कटिंगच्या यंत्रावर असतो. मापल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही तिथली सवय, तीच इथं लावली.

आमच्या गल्लीतल्या मंडळानं एक स्वस्तातला प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, तसले पन्नास मिळतात. गणपतीत त्याच्यावर सिनेमा दाखवला, लोकांना आवडला. पण माझ्या पुतण्यानं त्याला पीएस५, म्हणजे गेमचं यंत्र, जोडून क्रिकेट लावलं आणि प्रत्येक चेंडूला बोल्ड. "काका, मी बरोबर दाबलो की! बॅटच उशिरा फिरतंय." पोरगं खरं बोलत होतं. लॅपटॉप त्याच प्रोजेक्टरला जोडला, दोन्हीकडं एकच चित्र ठेवलं, स्टॉपवॉच चालू केलं आणि लॅपटॉप व भिंत एका फोटोत येतील असे मोबाइलनं बरेच फोटो काढले. दोन आकड्यांतला फरक म्हणजे लॅपटॉपपेक्षा प्रोजेक्टर किती मागं आहे ते. सरासरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आली, म्हणजे १०० मिलिसेकंद.

हे थोडं वाटतं, पण हिशेब करून बघा. ताशी १४० किलोमीटरनं टाकलेला चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात जवळजवळ ४ मीटर पुढं येतो. खेळपट्टी सगळी मिळून २०.१२ मीटर. पोराला चेंडू जिथं दिसत होता, त्याच्या ४ मीटर पुढं तो आलेला होता. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एक चित्र (फ्रेम) १६.७ मिलिसेकंदाचं, म्हणजे सहा फ्रेम मागून खेळायचं. सिनेमात हे कळतच नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच मागं ठेवता येतात. म्हणून नुसता सिनेमा लावून प्रोजेक्टर पसंत केलात तर गेमचं काहीच कळणार नाही.

टीएच६८५पीचा कंपनीनं दिलेला उशिराचा आकडा १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेल) आणि १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंद आहे. म्हणजे १२० हर्ट्झची एक फ्रेम. पीएस५ १०८०पीमध्ये १२० हर्ट्झ देतो, पण तो मोड असलेल्या गेममध्येच. बाकीचे गेम ६०वरच चालतात. माझ्या स्टॉपवॉचच्या फोटोंत लॅपटॉप आणि भिंत यांचे आकडे बहुतेक वेळा एकच आले. माझ्या पद्धतीला यापेक्षा बारीक मोजता येत नाही. पुतण्याचं मोजमाप त्याहून सोपं होतं : त्यानं पहिल्याच षटकात कव्हरला चौकार मारला आणि परत तक्रार केली नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे आकडे कीस्टोन बंद असतानाचे. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र कीस्टोननं चौकोनी केलं की यंत्राला प्रत्येक फ्रेम वाकवून काढावी लागते. बऱ्याच प्रोजेक्टरांत त्यानं उशीर वाढतो, आणि पिक्सेल वाया जातात ते सगळ्यांतच. तेव्हा प्रोजेक्टर सरळ बसेल अशी जागा आधी शोधा, मॉडेल नंतर.

आमच्या माडीवर जागा शोधणं हेच मोठं काम होतं. मंगलोरी कौलांचं छप्पर, दोन्ही बाजूंना उतरतं. लांबीच्या भिंती बुटक्या, १०० इंचाचा पडदा फक्त टोकाच्या भिंतीवर बसतो. १०० इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. रुंदी २२१ सेंटिमीटर, उंची १२५. प्रोजेक्टरच्या माहितीत 'थ्रो रेशो' असतो, त्याला पडद्याच्या रुंदीनं गुणलं की अंतर निघतं. टीएच६८५पीचा १.१३ ते १.४६, म्हणून १०० इंचाला अडीच ते सव्वातीन मीटर. आमची तुळई भिंतीपासून पावणेतीन मीटरवर. अगदी मधोमध आलं. दीडच्या वरचा रेशो असलेलं मॉडेल घेतलं असतं तर ते तुळईच्या पलीकडं हवेत टांगावं लागलं असतं. दुकानात जायच्या आधी टेप घेऊन हे मोजा. एवढ्या एका मापावर यादीतली निम्मी मॉडेलं गळतात.

टेबलावर ठेवून बघितला होता. माडीची जमीन फळ्यांची, पोरं उठली-बसली की चित्र हलतं. तुळईला तो त्रास नाही. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चार मिलिमीटर पत्र्याची ब्रॅकेट करून घेतली, प्रोजेक्टर उलटा टांगला, मेनूमधून चित्र सुलटं केलं. लेन्सच्या किंचित खालून चित्र सुरू होतं, त्यामुळं कीस्टोन शून्यावर राहिला.

आता उजेड. कौलारू घरात काचेची कौलं असतात, आमच्या माडीवर नेमकी पडद्याच्या समोरच्या उतरणीवर. दुपारी तिथून जो पट्टा पडतो त्याच्यापुढं कुठल्याच प्रोजेक्टरचं चालत नाही. आतून वाशांना प्लायच्या झडपा बसवल्या, दोरी ओढली की बंद. हा खर्च प्रोजेक्टरच्या मानानं काहीच नाही आणि चित्रात पडलेला फरक सगळ्यात मोठा.

लुमेन हे प्रकाशाचं माप, आणि त्याच्या आकड्यांनी सगळ्यात जास्त लोक फसतात. मंडळाच्या त्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर '९००० लुमेन' छापलंय, आणि टीएच६८५पीवर ३५०० एएनएसआय. भोळा माणूस पहिलाच उचलेल. पण खोकं उलटं करून मागच्या स्टिकरवरचे वॉट वाचा. मंडळाचा सगळा मिळून ६५ वॉटचा. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे वॉटला १००. त्या हिशेबानं ६५ वॉट सगळेच्या सगळे दिव्याला दिले तरी ६५०० लुमेन. त्यातून एका एलसीडी पॅनेलवाल्या या यंत्रात पोलरायझर निम्मा प्रकाश अडवतो, रंगाच्या गाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश अडवतात. हजारच्या आसपास राहिले, ते अजून लेन्समधून जायचेत. खरे भिंतीवर काहीशेच पडत असतील. 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ २१११८' असं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजल्याचं, लिहिलेलं नसेल तर लुमेनचा तो आकडा वाचूच नका. तसंच '४के सपोर्ट' म्हणजे ४के सिग्नल घेतो एवढंच. 'नेटिव्ह' रिझोल्यूशन, म्हणजे यंत्र स्वतः किती पिक्सेल दाखवतं, ते विचारा. टीएच६८५पीसुद्धा ४के घेतो पण दाखवतो १०८०पीच. १०० इंचावर त्याचा एक पिक्सेल १.१५ मिलिमीटरचा पडतो. तीन मीटरवर बसून डोळे ताणले तर दाणा जाणवतो, चार मीटरवर नाही. आम्ही चारवर बसतो.

१२० इंचाचा मोह होतो. क्षेत्रफळ १.४४ पट होतं, प्रकाश तेवढाच, चित्र तितकं फिकं. मी १००वर थांबलो आणि मला ते पटतं.

दुकानाबद्दल सांगायला पाहिजे. बेळगावात खडेबाजार-गणपत गल्लीच्या बाजूला फिरलात तर प्रोजेक्टर मिळतात, पण बरेचसे शाळा, ऑफिस आणि मंगल कार्यालयांसाठी. ते झगझगीत असतात, रंग फिके, आणि बऱ्याच जणांचं चित्र टीव्हीसारखं १६:९ नसतं. वाईट नव्हेत, कामच वेगळं त्यांचं. एका दुकानदारानं मला पीएस५ घेऊन या म्हटलं, शटर अर्धं ओढून अंधार केला आणि तासभर आम्हाला खेळू दिलं. असा दुकानदार भेटला तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या. डेमोत तीन गोष्टी बघा : बारीक अक्षरं असलेला गेमचा मेनू चारही कोपऱ्यांत सारखा स्पष्ट आहे का, कीस्टोन शून्य करून बटणाला प्रतिसाद कसा, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावून नजर झरझर फिरवली की लाल-हिरव्या-निळ्या झळा दिसतात का.

ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि ती घरातल्या प्रत्येकानं बघायची. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरांत, म्हणजे बारीक आरशांच्या चिपनं चित्र पाडणाऱ्यांत (माझाही त्यातलाच), रंग एकामागून एक पडतात, सगळे एकदम नाहीत. बहुतेकांच्या डोळ्याला ते कळत नाही, काहींना झळा दिसतात आणि डोकं दुखतं. आमच्या घरात आईपासून पुतण्यापर्यंत कुणालाच दिसल्या नाहीत. माझ्या मेहुण्याला मात्र लगेच दिसल्या. त्याला मी सांगितलं, तू ३एलसीडीवाला घे. एप्सनचे त्या पद्धतीचे असतात, त्यात तीन रंगांना तीन वेगळी पॅनेलं, तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, झळांचा प्रश्नच नाही. फक्त हवेची जाळी वेळच्या वेळी साफ करावी लागते, आणि उशिराचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा बघावा लागतो.

सिनेमाचं काय? रंग चांगले आहेत, माणसाच्या चेहऱ्याचा रंग माणसासारखा दिसतो, गेमचा मोड सोडून सिनेमाचा मोड लावला की आणखी खरे वाटतात. या दर्जाच्या डीएलपीत काळा मात्र गडद राखाडी असतो, हे घेतानाच माहीत होतं. रुंद सिनेमा, म्हणजे २.३९:१चा, १०० इंचावर लावला की वर-खाली सोळा-सोळा सेंटिमीटरच्या पट्ट्या उरतात आणि रात्रीच्या प्रसंगात त्या पट्ट्यांचा करडेपणा डोळ्यांत येतो. काळ्या मखमलीच्या दोन पट्ट्या करून पडद्यावर अडकवतो, नजर तिकडं जात नाही. पडदा साधा मॅट पांढरा घ्या. फ्लेक्सचं पांढरं कापड स्वस्त पडतं म्हणून बघितलं होतं, पण ते चकाकतं, मधे उजेडाचा गोळा दिसतो. शेजारच्या अव्वा कन्नड सिनेमा बघायला येतात, त्या चष्म्याशिवाय नावं वाचतात. मला ती पावती पुरेशी आहे.

आतला स्पीकर ५ वॉटचा. कौलांवर पाऊस वाजायला लागला की त्याचं एक अक्षर कळत नाही. प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून वायर काढून जुन्या ॲम्प्लिफायरला जोडली. ब्लूटूथ स्पीकर गेमला लावू नका. चित्रातला उशीर घालवायला एवढा खर्च करायचा आणि आवाजात तोच परत आणायचा, हे बरोबर नाही.

शेवटचं करंटचं. आषाढ-श्रावणात आमच्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही. हा दिव्याचा प्रोजेक्टर आहे, एलईडी नाही. दिवा तापलेला असताना करंट गेला की पंखाही बंद पडतो आणि उष्णता आतच राहते, ती दिव्याला वाईट. म्हणून यूपीएस लागतोच. सिनेमा पूर्ण करायला नव्हे, नीट बंद करून दिवा थंड होईपर्यंत पंखा फिरू द्यायला. पाच-दहा मिनिटं मिळाली तरी भागतं. दिवा, पंखा मिळून अडीचशे-तीनशे वॉट धरून प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनीसारखा करंट देणारा, यूपीएस घ्या आणि पीएस५ पण त्यावर असेल तर तेवढे वॉट वाढवा. ज्यांच्या गावात दिवसातून चार वेळा करंट जातो आणि यूपीएस घ्यायचा नाही, त्यांनी दिव्याचा प्रोजेक्टर घेऊ नये, एलईडी किंवा लेझरवालाच बघावा, आणि त्यातही उशिराचा आकडा विचारूनच.

मला हा लाखाच्या आत पडला. पडदा, ब्रॅकेट, यूपीएस आणि झडपा वेगळ्या. बिल देताना दुकानदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्या : दिव्यावर वॉरंटी किती तासांची किंवा महिन्यांची, कारण ती यंत्राच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते, आणि बिघडला तर इथंच उचलून नेणार, की आपण कोल्हापूर नाहीतर हुबळीला घेऊन जायचं.