राजारामपुरीतील लिनिअर अल्जेब्राच्या शनिवार-रविवारच्या बॅचविषयी

शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमासोबत आयआयटी जॅम या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत चालणाऱ्या एका खासगी बॅचला मी पूर्ण सत्र बसलो. एखादी बहुपदी दिलेल्या बहुपदींच्या स्पॅनमध्ये (म्हणजे त्यांना संख्यांनी गुणून आणि बेरीज करून मिळणाऱ्या बहुपदींच्या संचात) आहे की नाही, हे ठरवण्याचा भाग तिथे कसा शिकवला गेला, एवढ्यावरच हे मत आधारलेले आहे. कारण ठरावीक रीत पाठ करूनही गुण मिळून जाणाऱ्या अशा भागातच शिकवणाऱ्याचा कस लागतो.

सरांनी फळ्यावर १ + क्ष, क्ष + क्ष² आणि १ − क्ष² या तीन बहुपदी मांडल्या आणि २ + ५क्ष + ३क्ष² ही त्यांच्या स्पॅनमध्ये येते का, असे विचारले. अज्ञात गुणक धरायचे, समान घातांचे सहगुणक जुळवायचे, आलेली समीकरणे ऑगमेंटेड मॅट्रिक्समध्ये (सहगुणक आणि उजवी बाजू एकत्र मांडलेल्या तक्त्यात) लिहून रो रिडक्शन करायचे, म्हणजे ओळींच्या बेरीज-वजाबाकीने तो सोपा करायचा, ही रीत कुठल्याही क्लासमध्ये मिळते. पहिलीची दुप्पट आणि दुसरीची तिप्पट घेतली की उत्तर 'होय' येते.

खरी शिकवण त्यानंतर सुरू झाली. १ + क्ष + क्ष² घेतल्यावर शेवटच्या ओळीत डावीकडे तिन्ही शून्ये आणि उजवीकडे १ उरला, म्हणजे समीकरणांना उकलच नाही. तीन बहुपदी हाताशी आहेत आणि दोन घातापर्यंतच्या बहुपदींच्या अवकाशाची मितीही (डायमेन्शन, म्हणजे सगळ्या बहुपदी मिळवायला लागणाऱ्या स्वतंत्र बहुपदींची संख्या) ३ आहे, तेव्हा सगळेच मिळणार, असे गृहीत धरून बसलेल्या निम्म्या वर्गाला हे पटेना. तेव्हा सरांनी क्ष = −१ ठेवायला सांगितले. तिन्ही बहुपदींची किंमत शून्य येते, म्हणून त्यांच्या कोणत्याही रेषीय संयोगाची किंमतही शून्यच येणार. १ + क्ष + क्ष² ची मात्र १ येते. मॅट्रिक्सला हात न लावता 'नाही' सिद्ध झाले. तिसरी बहुपदी म्हणजे पहिलीतून वजा दुसरी, त्यामुळे स्पॅनची मिती २ च आहे आणि −१ ला शून्य होणारी, दोन घातापर्यंतची प्रत्येक बहुपदी त्यात येते, हेही त्यांनी तिथल्या तिथे दाखवले. असे सामाईक मूळ दर वेळी सापडत नाही, तेव्हा रो रिडक्शनला सुट्टी नाही, हे बजावायलाही ते विसरले नाहीत.

तक्रार आहे ती वेगळे पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या छापील सरावपुस्तिकेबद्दल. मागच्या पानांवर उत्तरादाखल नुसते 'होय' किंवा 'नाही' छापलेले आहे. गुणक नाहीत, रिडक्शननंतरची शेवटची ओळ नाही. ३ + क्ष² लिहिताना क्ष च्या जागी शून्य मांडायचे राहिले, म्हणजे सगळे रकाने सरकतात, आणि तरीही उत्तर योगायोगाने जुळले तर ही चूक विद्यार्थ्याच्या कधीच ध्यानात येत नाही. वर्गात इतके नेमके शिकवणाऱ्यांनी पुस्तिकेत एवढी कंजुषी का करावी, हे कळत नाही. शिवाय संध्याकाळच्या बॅचला गर्दी इतकी असते की मागच्या बाकांवरून फळ्यावरचे घातांक दिसत नाहीत आणि शंका विचारायला तास संपल्यावर रांग लागते.

शिकवण्याचा दर्जा पाहता फी वाजवी आहे. प्रवेश घ्यायचाच असेल तर सकाळच्या बॅचला घ्यावा, आणि पुस्तिकेतील प्रत्येक 'होय' साठी गुणक स्वतः काढून समासात लिहून ठेवावेत.