कलमदान खरे, स्वाक्षरी खोटी

काजार राजवटीच्या काळातील (18व्या शतकाच्या अखेरीपासून 1925 पर्यंतच्या) इराणी कलमदाने, म्हणजे लेखण्या ठेवायच्या चितारलेल्या पेट्या, जमवणाऱ्यांची जी फसवणूक सध्या मुंबईत होत आहे, ती इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून माझ्या बाबतीत घडले ते तपशिलाने लिहीत आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने इस्फहानच्या आका नजफ या नामांकित चित्रकाराचे म्हणून एक कलमदान मला सव्वादोन लाख रुपयांना विकले. कलमदान जुने आहे, इराणीही आहे. परंतु त्यावरची स्वाक्षरी अलीकडे कोणीतरी घातलेली आहे, आणि मोजलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या स्वाक्षरीचाच होता.

19व्या शतकातील इस्फहानच्या रोगणी चित्रकारांत, म्हणजे चित्रावर रोगणाचा (व्हार्निशचा) लेप देणाऱ्यांत, नजफ अलीचे, म्हणजेच आका नजफचे, घराणे अग्रगण्य होते. त्याचा भाऊ मोहम्मद इस्माईल याने 1865 मध्ये रंगवलेली पेटी स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. आका नजफ स्वाक्षरीच्या जागी ‘या शाह-ए-नजफ’ (‘हे नजफच्या राजा’, म्हणजे हजरत अली) असे लिहीत असे. त्याच्या धाटणीत काम करणारे पुष्कळ असल्यामुळे तशी बिनस्वाक्षरीची कलमदाने बाजारात सहज येतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर हे तीन शब्द उतरवले की त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

हे कलमदान फोर्टमधल्या एका पारशी कुटुंबाकडून आले, असे मला सांगण्यात आले. इराणच्या बुशेहर बंदराशी मुंबईचा जुना व्यापार आणि पारशी घरांचे इराणशी असलेले नाते पाहता अशी हकीकत कोणालाही पटते, आणि नेमकी म्हणूनच ती सांगितली जाते. त्या कुटुंबाचे एखादे पत्र, जुनी पावती किंवा छायाचित्र मात्र शेवटपर्यंत दाखवले गेले नाही.

खोटेपणा उघड झाला तो रोगणामुळे. कागदाचे थर चिकटवून किंवा लगदा साच्यात दाबून पेटी घडवतात, तिच्यावर पांढरे अस्तर देऊन जलरंगांत चित्र काढतात, आणि मग रोगणाचे हात चढवतात. म्हणजे चित्रकाराची स्वाक्षरी चित्राबरोबर रोगणाखाली असायला हवी. काळानुसार रोगण पिवळे पडते. त्यामुळे खालचा निळा रंग हिरवट आणि पांढरा रंग मधासारखा दिसू लागतो, आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. माझ्या कलमदानावर गुलाबाच्या पाकळ्या अशाच पिवळसर झाल्या आहेत, पण शेजारची अक्षरे लख्ख पांढरी होती. दहापट भिंगाखाली कलमदान तिरपे धरल्यावर अक्षरे रोगणाच्या वर उठून दिसली. ‘शाह’मधल्या उभ्या रेघेचा रंग तर भेगेत उतरून दोन्ही बाजूंना पसरला होता. जुनी स्वाक्षरी भेगेबरोबर तडकते. भेगेत रंग उतरला असेल तर तो भेग पडल्यानंतरच लावलेला असतो. पुढे जुन्या कलावस्तूंची निगा राखणाऱ्या एका अनुभवी संवर्धकाने अतिनील दिव्याखाली पाहिले, तेव्हा सारे रोगण हिरवट-पिवळे चमकले आणि तेवढे तीन शब्द काळे राहिले.

आतला खणही दुसऱ्याच पेटीतला निघाला. तो सैल बसतो, आणि त्याच्या बाजूवरची सोनेरी वेलबुट्टी बाहेरच्या नक्षीशी जुळत नाही. खण पूर्ण बाहेर काढून पाहण्याची मी मागणी केली, तेव्हा वस्तू नाजूक आहे असे सांगून व्यापाऱ्याने टाळले होते. असे टाळले गेले तर तेथेच व्यवहार थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे परत मागितल्यावर त्याने बिलाकडे बोट दाखवले. बोलताना दहादा घेतलेले आका नजफचे नाव बिलात नव्हते. तेथे केवळ ‘इराणी कलमदान, 19वे शतक’ एवढेच होते, आणि तेवढे तर खरेच आहे. वकिलांनीही याच कारणाने दावा कमकुवत ठरवला. चित्रकाराचे नाव, स्वाक्षरी मूळची असल्याची हमी आणि ती खोटी ठरल्यास पैसे परत करण्याची मुदत, एवढे बिलावर लिहून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. तोही पाहण्याची मागणी करावी.

याच हाताची स्वाक्षरी मी अलीकडे दुसऱ्या एका विक्रेत्याकडे गुल-ओ-बुलबुल (गुलाब आणि बुलबुल) चितारलेल्या आरशाच्या डबीवर पाहिली. तीच लख्ख पांढरी अक्षरे, ‘नजफ’मधल्या शेवटच्या अक्षराची तीच लांब ओढलेली शेपटी, आणि हकीकतही त्याच पारशी कुटुंबाची. ती डबी अजून विकली गेलेली नाही.