हळदीचे पैसे आणि दुसरा कागद

सांगलीत हळदीत पैसे गुंतवणं नवं नाही. हंगामात माल घ्यायचा आणि भाव चढेपर्यंत ठेवायचा, पूर्वी हरिपूरच्या पेवांत, आता वखारीत. माझा एक जुना विद्यार्थी मेहुण्याबरोबर भागीदारीत अडत दुकान चालवायचा. "सर, तुमच्या नावावर हळद घेऊन ठेवतो," तो म्हणाला. आम्ही पाच जणांनी १८ लाख दिले. त्यात माझे ४ लाख, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले. दोघा भागीदारांनी सही करून लिहून दिलं होतं, की ही रक्कम फक्त हळद खरेदीसाठी आहे आणि माल घेईपर्यंत ती आमच्या वतीने सांभाळली जाईल.

चार महिन्यांनी तो स्टॅम्प पेपर घेऊन घरी आला. "हिशेब सोपा जावा म्हणून तुम्हा पाचांना दुकानात भागीदार दाखवतो, नफ्यातही वाटा मिळेल." हातात पेन दिलं आणि मी सही केली. बाकीच्यांनी माझी सही बघून केली, हे मला आजही सहन होत नाही. त्या मसुद्यात एक ओळ होती: 'यापूर्वी दिलेली रक्कम फर्मचे भांडवल समजावी.'

पुढच्या हंगामाआधीच दुकान बंद पडलं. वखारीत आमच्या नावाचं एक पोतंही नव्हतं.

त्या एका ओळीने काय झालं ते वकिलांनी सांगितलं. सहीपर्यंत पैसे आमचे होते, तो नुसता राखणदार. राखणदाराने असे पैसे स्वतःच्या पैशात मिसळले, तर १८८२ च्या न्यास कायद्याप्रमाणे त्या सगळ्या रकमेवर आपला बोजा राहतो. शिवाय हा विश्वासघात माहीत असलेला भागीदारही जबाबदार धरला जातो. म्हणजे मेहुणाही सुटला नसता. सहीनंतर तेच पैसे १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली फर्मची मालमत्ता ठरले. फर्म मोडली की आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, आणि उरलं तर भांडवल. आम्ही रांगेत शेवटी गेलो. उलट सहीनंतर दुकानाने बँकेतून जे पैसे उचलले, त्यांना आम्ही पाचही जण स्वतःच्या घरादारासकट जबाबदार.

पोलिसांनी दिवाणी वाद म्हणून परत पाठवलं. भागीदाराने फर्मचे पैसे वापरले तर एरवी तो फौजदारी विश्वासघात होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेलजी राघवजी पटेल खटल्यात म्हटलेलं आहे. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या कायद्यातूनही भागीदारांचं भांडवल वगळलेलं आहे. सगळी दारं त्या एका शब्दाने बंद केली.

म्हणून कळकळीने सांगतो. ठरावीक कामासाठी पैसे दिले असतील आणि नंतर कोणी 'भागीदार', 'भांडवल' असे शब्द असलेला कागद आणला, तर त्या दिवशी सही करू नका. आधी बँकेचा उतारा मागा, पैसे अजून खात्यात आहेत का ते बघा. आमच्या बाबतीत ते सहीच्या दीड महिना आधीच संपले होते, जुनी देणी फेडण्यात. हे लपवून सही घेतली, म्हणून तो करारच रद्द करावा, असा आमचा दावा आता सांगलीच्या दिवाणी न्यायालयात आहे. पहिला कागद मी जपून ठेवला होता. सगळी भिस्त त्याच्यावर आहे.