भिंतीआड न ठेवता गांजाचे व्यसन सोडवणारे नाशिकचे एक केंद्र : सेवेचा अनुभव

गंगापूर रोडच्या परिसरातील ज्या बाह्यरुग्ण व्यसनमुक्ती केंद्रात माझ्या भाच्यावर गांजाच्या व्यसनासाठी गेले काही महिने उपचार सुरू आहेत, त्या केंद्राच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. त्याच्या विनंतीवरून केंद्राचे नाव देत नाही. त्याला याच शहरात नोकरी करायची आहे आणि त्याचे लग्नही व्हायचे आहे. मी सातपूरला औषधांचे दुकान चालवते, त्यामुळे कोणता उपचार दिला जातो आणि त्याला संशोधनाचा काय आधार आहे हे तपासून पाहण्याची मला सवय आहे. त्या कसोटीवर या केंद्रातील उपचार उत्तम आहे, व्यवस्था मध्यम आहे आणि तंबाखूच्या बाबतीत मात्र मोठी उणीव आहे.

येथे येण्याआधी आम्ही शहराबाहेरच्या एका निवासी केंद्रात चौकशी केली होती. तेथे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले, ‘शंभर टक्के खात्री’ दिली आणि पहिला महिना घरच्यांना फोनवरही बोलता येणार नाही असे सांगितले. मुलाची स्वतःची तयारी आहे का, हे कोणी विचारलेच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व मादक पदार्थांच्या व्यसनाशी संबंधित आजारांचाही समावेश आहे. संमतीशिवाय दाखल करून घेण्यासाठी त्यात ठरावीक अटी आहेत आणि असे दाखल करून ठेवणे पहिल्या वेळी ३० दिवसांपलीकडे जात नाही. फोनवरून घरच्यांशी बोलणे हाही रुग्णाचा हक्क आहे. ज्या घरांत मुलगा ‘उचलून नेऊन टाकण्याचा’ विचार चालू असेल, त्यांनी आधी केंद्राचे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीपत्र पाहायला मागावे.

या केंद्रातील पहिली भेट चांगली तासाभराची होती. मानसोपचारतज्ज्ञांनी गांजा कोणत्या वयात सुरू झाला, रोज ओढतो की सुटीच्या दिवशी, नुसता ओढतो की सिगारेटमधली तंबाखू काढून तिच्यात मिसळून, हे सारे विचारले. आणि मग माझ्या बहिणीकडे वळून घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तशा स्वरूपाचा आजार झाला होता का, असे विचारले. हा प्रश्न तिला खटकला, पण तो अत्यंत आवश्यक होता. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा कमी-अधिक केला, तरी रोजचा वापर, तीव्र माल आणि घराण्यातील आजार हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो, हे आता बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. ज्या केंद्रात हा प्रश्न विचारला जात नाही, तेथील तपासणी अपुरी आहे असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

आपल्याकडे गांजा सोडल्यावर काही त्रास होत नाही, असा समज पक्का रुजलेला आहे. रामकुंडावर चिलीम ओढणारे साधू लहानपणापासून पाहिलेल्या आणि महाशिवरात्रीला भांग प्रसाद म्हणून घेणाऱ्या शहरात तो असणे समजण्यासारखे आहे. प्रत्यक्षात रोज ओढणाऱ्या माणसाने एकदम सोडल्यावर दोन-तीन दिवसांत चिडचीड, अस्वस्थता, भूक मंदावणे, घाम येणे आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात हे सर्वाधिक जाणवते, दोन आठवड्यांच्या आसपास ओसरते, परंतु झोपेची तक्रार आणि विचित्र स्वप्ने महिनाभरही टिकू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या लक्षणसमूहाला २०१३ मध्ये अधिकृत स्थान मिळाले. व्यसनी मुले ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती गांजाचीही असते. दारूच्या टर्कीसारखी ती जिवावर बेतत नाही, इतकेच.

या काळात केंद्राने जे केले, त्यासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देते. चौथ्या रात्री भाच्याला पहाटेपर्यंत झोप लागली नाही आणि ताटात वाढलेली भाकरी तशीच राहिली, तेव्हा बहिणीने माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागितल्या. मी नकार दिला आणि केंद्रात फोन लावला. डॉक्टरांनीही अल्प्राझोलामसारखी गोळी लिहून देण्याचे टाळले, कारण एका सवयीच्या जागी दुसरी येण्याचा धोका त्यात असतो. त्याऐवजी संध्याकाळनंतर चहा बंद, ठरलेल्या वेळी उठणे आणि दुपारची झोप पूर्ण वर्ज्य, असा कार्यक्रम दिला. हा त्रास कोणत्या दिवसापर्यंत वाढेल आणि केव्हा उतरू लागेल, हे त्यांनी मुलालाच समोर बसवून नीट सांगितले होते. त्यामुळे त्या रात्री घरात घबराट झाली नाही.

गांजाचे व्यसन सोडवणारे मान्यताप्राप्त औषध आजही उपलब्ध नाही. ॲसिटिलसिस्टीनकडून किशोरवयीनांच्या २०१२ च्या चाचणीत आशा निर्माण झाली होती, पण २०१७ मध्ये प्रौढांवर झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. म्हणून खरा उपचार बोलण्याचाच आहे, आणि तोही शिस्तीचा. अमेरिकेत तीन ठिकाणी ४५० प्रौढांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मनाची तयारी वाढवणारे आणि सवयीमागचे विचार व वर्तन बदलणारे समुपदेशन नऊ बैठकांत मिळालेल्यांचा वापर, दोन बैठका मिळालेल्यांपेक्षा जास्त घटला. आणि दोन बैठकाही नुसते थांबून राहण्यापेक्षा बऱ्या ठरल्या. या केंद्राचा कार्यक्रम त्याच धर्तीवर आहे : आठवड्यातून एक बैठक, साधारण तीन महिने, प्रत्येक बैठकीचे आठशे रुपये आणि रीतसर पावती.

बैठकीत भरायचा एक तक्ता असतो. तलफ कधी आली, कुठे आली, सोबत कोण होते आणि त्याआधी मनात काय चालले होते, असे त्याचे चार रकाने. भाच्याच्या पहिल्या तक्त्यात जवळजवळ सगळ्या नोंदी एकाच वेळेच्या आहेत : अंबडच्या कंपनीतली दुसरी पाळी सुटल्यावर, पार्किंगमध्ये, त्याच दोन मित्रांबरोबर, आणि शेवटच्या रकान्यात ‘सुपरवायझर बोलला’. हे कागदावर आल्यावर समुपदेशकाने उपदेश केला नाही. पाळी बदलून घेता येईल का, दुचाकीऐवजी कंपनीच्या बसने येता येईल का, सुपरवायझरला उत्तर देताना नेमके कोणते शब्द वापरायचे, याचा सराव करून घेतला. ‘साधू ओढतात, ती शंकराची बुटी आहे’ हा भाच्याचा नेहमीचा युक्तिवाद होता. त्यावर वाद न घालता समुपदेशकाने महिन्याला पुड्यांवर किती पैसे जातात तेवढे लिहायला सांगितले. मध्यंतरी एका लग्नात मुलगा पुन्हा ओढून आला, तेव्हा ती नोंदही त्याच तक्त्यात गेली आणि पुढची बैठक तिच्यावर झाली. घरी जी आदळआपट झाली असती, ती यामुळे टळली.

लघवीची तपासणी येथे धाक दाखवण्यासाठी वापरत नाहीत, हेही मुद्दाम सांगायला हवे. गांजातील मादक द्रव्य शरीरातील चरबीत साठून हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे वर्षानुवर्षे रोज ओढणाऱ्याची तपासणी पूर्ण सोडल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. हे माहीत नसलेले पालक दुसऱ्या आठवड्यातील अहवाल पाहून मुलाला खोटारडा ठरवतात. येथे नमुना देण्याआधीच ही गोष्ट पालकांना समजावून सांगितली जाते.

आता उणिवा. आमच्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो, त्यामुळे दोन व्यसने एकाच नळकांडीत बसलेली असतात. तंबाखू चालू राहिली तर गांजा सुटायला अडचण होते, असे अभ्यासांतही दिसते. असे असूनही तंबाखूचा विषय आम्ही काढेपर्यंत केंद्राने काढला नाही. निकोटीनची च्युइंगम आणि पट्ट्या माझ्या दुकानात मिळतात, पण त्या कधी आणि किती वापरायच्या याचा सल्ला उपचाराच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून मिळायला हवा. दुसरे असे की पालकांची बैठक बुधवारी सकाळी अकराला असते. पाळीत काम करणाऱ्या बापाला त्यासाठी पगार बुडवावा लागतो, आणि मग खोलीत फक्त आया दिसतात. संमतीपत्रही इंग्रजीत आहे. ते मराठीत करणे एका दिवसाचे काम आहे आणि मी तसे लेखी कळवले आहे.

ज्यांचा मुलगा स्वतः यायला तयार आहे, ज्याला भ्रम होत नाहीत आणि जो घरी राहून कामावर जाऊ शकतो, त्यांनी असा बाह्यरुग्ण उपचार आधी करून पाहावा. कोणी आपल्यावर पाळत ठेवतो किंवा कानात आवाज येतात असे मुलगा म्हणू लागला, तर केंद्राची वाट न पाहता थेट रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. पैशांची अडचण असलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालय आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७२ लाख लोकांना भांग, गांजा व चरस यांच्या वापरामुळे मदतीची गरज आहे, तेव्हा संकोचाचे कारण नाही. पोलिसांची भीती वाटणाऱ्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्यावे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र ते उपचार शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत, आणि शेवटपर्यंत घ्यावे लागतात. त्यामुळे ज्यांच्यावर असा गुन्हा आहे त्यांनी कोणत्याही खासगी केंद्रात पहिले पैसे भरण्याआधी मान्यतेचे पत्र मागून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.